तळ्याकाठी लपवलेला डबा

इंग्लंडच्या वायव्य भागात लेक डिस्ट्रिक्ट नावाचा डोंगराळ प्रदेश आहे. तेथील कॉनिस्टन आणि हॉक्सहेड या गावांच्या मध्ये टार्न हाऊज नावाचे एक तळे आहे. 'टार्न' म्हणजे डोंगरातले लहान तळे. त्याला वळसा घालणारी वाट पावणेतीन किलोमीटरच्या आसपास आहे आणि बरीचशी सपाट आहे. आजी-आजोबा, बाबागाडीतले मूल, चाकाच्या खुर्चीवर बसलेली व्यक्ती अशा सगळ्यांना ती जमते. तासा-दीड तासात फेरी पूर्ण होते.

अशा सोप्या वाटांवर गेल्या पंचवीस वर्षांत एक नवा खेळ रुजला आहे. त्याचे नाव जिओकॅशिंग. कोणीतरी एखाद्या रम्य जागी, झाडाच्या ढोलीत किंवा दगडाच्या कपारीत, पाणी आत न शिरणारा डबा ठेवतो. डब्यात एक छोटी वही आणि पेन्सिल असते, कधी लहान मुलांसाठी गोट्या, बिल्ले अशा वस्तूही असतात. ठेवणारा त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो. बाकीच्यांनी ते आकडे घेऊन डबा शोधायचा, वहीत नाव आणि तारीख लिहायची, एखादी वस्तू घेतली तर तिच्या तोलाची दुसरी ठेवायची आणि डबा जसा होता तसा परत लपवायचा. 'कॅश' हा शब्द येथे रोख रकमेचा नाही. लपवणे या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदापासून तो आला आहे. आज जगभरात असे तीस लाखांहून अधिक डबे आहेत.

खेळ अगदी साधा वाटतो. पण मग प्रश्न पडतो की तो इ. स. २००० मध्येच का सुरू झाला? डबे होते, तळी होती, भटकायची हौस होती. अक्षांश-रेखांश तर शतकानुशतके ठाऊक होते. नीट पाहिले तर या खेळाला तीन गोष्टी लागतात. तळ्यापर्यंत जाण्याचा हक्क, आपण नेमके कोठे उभे आहोत याचे ज्ञान, आणि अनोळखी माणसांवर विश्वास. यातल्या पहिल्या दोन गोष्टी सर्वसामान्यांच्या हाती येण्यामागे बराच मोठा इतिहास आहे. तिसरी मात्र रोज नव्याने सांभाळावी लागते.

वाट कोणाची?

टार्न हाऊजचे सौंदर्य पूर्णपणे निसर्गाने दिलेले आहे असा समज होणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात येथे पूर्वी तीन लहान तळी आणि दलदल होती. एकोणिसाव्या शतकात जेम्स गार्थ मार्शल या जमीनदाराने बांध घालून त्यांचे एकच तळे केले आणि भोवती सूचिपर्णी झाडे लावली. ती जमीन पूर्णपणे त्याच्या ताब्यात आली ती १८६२ च्या एका कायद्यामुळे. पूर्वी जी गावाची सामाईक जमीन असे, तिला कुंपण घालून खाजगी करण्याची परवानगी असे कायदे देत. इंग्लंडमध्ये त्या काळात ठिकठिकाणी हेच चालू होते.

पूर्वापार वापरातल्या वाटाही यातून सुटल्या नाहीत. याच प्रदेशातील केझिक गावाजवळ लॅट्रिग नावाची टेकडी आहे. तिच्यावर जाणारी वाट मालकाने बंद केली, तेव्हा लोकांनी पायवाटा वाचवण्यासाठी संघटना स्थापन केली. १ ऑक्टोबर १८८७ रोजी सुमारे दोन हजार लोक अडथळे बाजूला सारून टेकडीवर चढले. प्रकरण न्यायालयात गेले आणि पुढल्या वर्षी तडजोड होऊन माथ्यावर जाणारी वाट खुली झाली.

या संघटनेत पुढाकार घेणारे धर्मगुरू हार्डविक रॉन्सली यांनी ऑक्टेव्हिया हिल आणि रॉबर्ट हंटर यांच्याबरोबर १८९५ मध्ये नॅशनल ट्रस्टची स्थापना केली. सुंदर जागा विकत किंवा दान घेऊन त्या सर्वांसाठी राखायच्या हा तिचा उद्देश. टार्न हाऊजही असेच ट्रस्टकडे आले. पीटर रॅबिटच्या गोष्टी लिहिणाऱ्या बिआट्रिक्स पॉटर यांनी मार्शल घराण्याची मोठी मालमत्ता विकत घेतली आणि तळ्यासह तिचा निम्मा भाग ट्रस्टला विकला. १९४९ मध्ये राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला आणि १९५१ मध्ये लेक डिस्ट्रिक्ट राष्ट्रीय उद्यान बनले. पुढे २००० च्या नोव्हेंबरमध्ये संमत झालेल्या कायद्याने इंग्लंड आणि वेल्समधील डोंगरमाथे, माळराने आणि सामाईक जमिनींवर पायी हिंडण्याचा हक्क सर्वांना मिळाला.

२००० हे साल लक्षात ठेवूया. त्याच वर्षी, काही महिने आधी, दुसरे कुलूपही उघडले होते.

बाटलीतली कार्डे

त्या दुसऱ्या कुलपाकडे जाण्यापूर्वी या खेळाच्या पूर्वजाला भेटायला हवे. इंग्लंडच्या नैऋत्येला डार्टमूर नावाचा माळ आहे. दलदल, धुके आणि ग्रॅनाइटचे उघडे सुळके यांसाठी तो प्रसिद्ध. त्याच्या उत्तर भागात क्रॅनमिअर पूल नावाची जागा आहे. 'पूल' म्हणजे डोह, पण तेथे डोह उरलेला नाही. पीट नावाच्या कुजलेल्या वनस्पतींच्या काळ्या मातीतला तो एक खोलगट खड्डा आहे. जवळपास खूण म्हणावी असे काही नाही. त्यामुळे तेथे पोचणे ही एकोणिसाव्या शतकात मोठीच गोष्ट समजली जाई.

चॅगफर्ड गावचा जेम्स पेरट हा वाटाड्या हौशी प्रवाशांना तेथे नेत असे. १८५४ मध्ये त्याने त्या जागी दगडांच्या राशीत एक बाटली ठेवली. पोचलेल्यांनी आपले नावाचे कार्ड बाटलीत टाकायचे. पुढे लोक पत्रे ठेवू लागले, नंतर येणाऱ्याने ती नेऊन टपालात टाकायची. म्हणून या प्रकाराला 'लेटरबॉक्सिंग' हे नाव पडले. १९३८ मध्ये डार्टमूरच्या दक्षिण भागात, डक्स पूल येथे, तेथील वाटांवर आयुष्यभर लिहिणाऱ्या विल्यम क्रॉसिंग यांच्या स्मरणार्थ असाच एक डबा ठेवला गेला. हळूहळू डब्यांत रबरी शिक्के आले. डबा सापडला की त्यातला शिक्का आपल्या वहीत उमटवायचा आणि आपला शिक्का त्यातल्या वहीत.

म्हणजे डबा, वही आणि अनोळखी माणसांतला विश्वास १८५४ पासून होताच. कमी होते ते एकच. क्रॅनमिअरला पोचायला पेरटसारखा वाटाड्या लागे किंवा नकाशा आणि होकायंत्र वापरण्याचा चांगला सराव लागे. धुक्यात दोन्ही अपुरे पडत. नवख्या कुटुंबाने मुलांना घेऊन सहज जावे असा हा खेळ नव्हता.

प्रश्न उलटा केला तर

४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत संघाने स्पुटनिक हा पहिला कृत्रिम उपग्रह सोडला. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या उपयोजित भौतिकी प्रयोगशाळेत विल्यम गायर आणि जॉर्ज वायफेनबाख हे दोन तरुण शास्त्रज्ञ त्याचे 'बीप बीप' ऐकू लागले. जवळ येणाऱ्या रेल्वेच्या शिट्टीचा स्वर चढा वाटतो आणि लांब जाताना उतरतो, हा डॉप्लर परिणाम आपण वर्गात शिकवतो. स्पुटनिकच्या लहरींची वारंवारताही अशीच बदलत होती. त्या बदलावरून, जमिनीवरच्या एकाच जागी बसून, दोघांनी उपग्रहाची कक्षा काढली.

१९५८ मध्ये त्यांचे वरिष्ठ फ्रँक मॅक्लुअर यांनी विचारले, प्रश्न उलटा केला तर? आपली जागा ठाऊक असताना उपग्रह कोठे आहे हे काढता येते, तर उपग्रहाची कक्षा ठाऊक असताना आपण कोठे आहोत हे काढता येणार नाही का? विज्ञानात असे उलटे केलेले प्रश्न फार फलदायी ठरतात. यातून 'ट्रान्झिट' ही उपग्रहांवर आधारलेली स्थाननिश्चितीची यंत्रणा जन्मली. तिचा पहिला यशस्वी उपग्रह एप्रिल १९६० मध्ये कक्षेत गेला. मात्र हेतू तळ्याकाठची सहल हा नव्हता. अण्वस्त्रे वाहणाऱ्या पाणबुड्यांना आपली जागा अचूक कळावी, म्हणजे क्षेपणास्त्राचा नेम चुकणार नाही, यासाठी ती उभारली होती.

जीपीएस ही त्यानंतरची पिढी. १९७३ मध्ये तिची आखणी झाली आणि २२ फेब्रुवारी १९७८ रोजी तिचा पहिला उपग्रह सुटला. हे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. प्रत्येकात आण्विक घड्याळ असते आणि तो सतत सांगत असतो की 'मी अमुक ठिकाणी आहे आणि आत्ता इतके वाजले आहेत.' हा संदेश सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर वेगाने येतो. उपग्रह थेट डोक्यावर असेल तर त्याला पोचायला सेकंदाचा पंधरावा भाग लागतो. किती वेळ लागला हे कळले की अंतर कळते. जागा ठरवायला तीन अंतरे पुरावीत, पण आपल्या हातातल्या यंत्राचे घड्याळ साधे असते. त्याची चूक हे चौथे अज्ञात. चार अज्ञातांना चार समीकरणे, म्हणून किमान चार उपग्रह दिसावे लागतात.

मुद्दाम घातलेली चूक

१ सप्टेंबर १९८३ रोजी दक्षिण कोरियाचे एक प्रवासी विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरले आणि लढाऊ विमानाने ते पाडले. २६९ माणसे मेली. दोनच आठवड्यांनी अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांच्या वतीने जाहीर झाले की जीपीएस यंत्रणा पूर्ण झाल्यावर ती जगभरच्या नागरी वापरासाठीही उपलब्ध असेल.

पण एक मेख होती. अचूक स्थान शत्रूलाही कळेल या भीतीने नागरी संदेशात मुद्दाम चूक मिसळायचे ठरले. मार्च १९९० मध्ये ती सुरू झाली. उपग्रहाच्या वेळेत थोडी हेलकावे खाणारी गडबड करायची, बस. एक मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. तेवढ्यात प्रकाश ३०० मीटर जातो. म्हणजे मायक्रोसेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याची गडबड झाली तर अंतर १०० मीटरने चुकते. नागरी यंत्राची अचूकता साधारण १०० मीटरपर्यंत ढासळावी असाच बेत होता.

पुढे घडलेला प्रकार मात्र गमतीदार आहे. आखाती युद्धात अमेरिकी सैन्याकडे लष्करी यंत्रे पुरेशी नव्हती, म्हणून बाजारातली नागरी यंत्रे घ्यावी लागली. आपलेच सैनिक चुकू नयेत यासाठी सरकारला काही महिने ती चूक बंद ठेवावी लागली. १९९० च्या दशकात तर अमेरिकेच्या तटरक्षक दलाने किनाऱ्यावर केंद्रे उभारली. आपली जागा आधीच नेमकी ठाऊक असलेले केंद्र जीपीएसचे उत्तर त्याच्याशी ताडून पाही, चूक किती ते काढी आणि जहाजांना कळवी. एका खात्याने चूक घालायची, दुसऱ्याने ती दुरुस्त करायची! अखेर अध्यक्ष क्लिंटन यांनी १ मे २००० रोजी चूक थांबवण्याचा आदेश जाहीर केला आणि त्याच मध्यरात्री ती बंद झाली. जगभरची यंत्रे, त्यांना हातही न लावता, एका रात्रीत कितीतरी पट अचूक झाली.

वर्तुळाचे गणित

याने खेळाला काय फरक पडला हे आकड्यांत पाहू. चूक १०० मीटरची असेल, तर डबा शोधायचा तो १०० मीटर त्रिज्येच्या वर्तुळात. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ३१,४०० चौरस मीटर, म्हणजे पावणेआठ एकर. तळे असेल तर त्यातले निम्मे वर्तुळ पाण्यात! उरलेल्या जवळजवळ चार एकरांतला प्रत्येक दगड उचलायचा म्हटले तर मुले अर्ध्या तासात कंटाळतील. चूक १० मीटरवर आली की क्षेत्रफळ ३१४ चौरस मीटर होते. अंतर दहा पटींनी घटले, पण शोधायची जागा शंभर पटींनी घटली. वर्गाच्या प्रमाणात होणाऱ्या बदलाचे याहून चांगले उदाहरण क्वचितच मिळेल. आजचा साधा मोबाइल उघड्या आकाशाखाली पाचेक मीटरपर्यंत जागा सांगतो. त्याचे वर्तुळ मुलांनी स्वतः काढावे.

चूक बंद झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, ३ मे २००० रोजी, डेव्ह उल्मर या संगणक अभियंत्याने अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात, बीव्हरक्रीक गावाजवळच्या जंगलात, एक काळी बादली ठेवली. तिच्यात वही, पेन्सिल, पुस्तके, गलोल आणि शेंगांच्या उसळीचा डबा अशा वस्तू होत्या. त्याने जागा जाहीर केली ती अशी : उत्तर ४५ अंश १७.४६० मिनिटे, पश्चिम १२२ अंश २४.८०० मिनिटे. तीन दिवसांत दोघांनी ती शोधून काढली. पहिला होता माइक टीग. महिना संपायच्या आत मॅट स्टम याने खेळाला 'जिओकॅशिंग' हे नाव सुचवले. २ सप्टेंबर २००० रोजी जेरेमी आयरिश याने डब्यांची नोंद ठेवणारे संकेतस्थळ सुरू केले, तेव्हा जगात ७५ डबे होते.

उल्मरच्या आकड्यांतले दशांश चिन्हानंतरचे तीन अंक पाहा. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे सुमारे १.८५ किलोमीटर, म्हणून त्याचा हजारावा भाग १.८५ मीटर. रेखांशाचे मिनिट मात्र ध्रुवाकडे जावे तसे आखडते. त्याला अक्षांशाच्या कोसाइनने गुणावे लागते. म्हणून रेखांशाच्या मिनिटाचा हजारावा भाग मुंबईला सुमारे १.७५ मीटर, बीव्हरक्रीकला १.३ मीटर, तर टार्न हाऊजला जेमतेम १.०८ मीटर भरतो. पृथ्वी गोल आहे हे एका डब्याच्या पत्त्यातही दिसते.

विश्वास टिकवायचा कसा?

तिसरी गोष्ट उरली, विश्वास. तो कोणत्याही उपग्रहातून येत नाही. डबा सापडलेल्या माणसाने तो फेकला नाही, वही फाडली नाही, तरच पुढच्या कुटुंबाला तो मिळतो. तो बहुतेक वेळा मिळतो, ही गोष्ट आम्हांला उपग्रहांइतकीच नवलाची वाटते.

पण या विश्वासालाही सीमा आहेत. जुलै २०११ मध्ये इंग्लंडच्या वेदरबी गावात रस्त्यालगत लपवलेला एक डबा बॉम्ब असावा असे वाटून पथक बोलवावे लागले आणि तो स्फोट करून नष्ट केला गेला. उल्मरची बादली अर्धवट पुरलेली होती आणि तिच्यात खाण्याची वस्तू होती. आज या खेळात या दोन्ही गोष्टींना मनाई आहे, कारण खणण्याने जमीन दुखावते आणि अन्नाच्या वासाने प्राणी येतात. जागेच्या मालकाची परवानगी घ्यावी लागते. गर्दीचा प्रश्न तर जुनाच आहे. रेल्वेमुळे लेक डिस्ट्रिक्टमध्ये गर्दी लोटेल म्हणून कवी वर्डस्वर्थ यांनी १८४४ मध्येच विरोध केला होता. रेल्वे १८४७ मध्ये आलीच. सर्वांना वाट खुली असावी आणि तरीही ती झिजू नये, हा पेच आजही सुटलेला नाही.

यावर एक चांगला उपाय २००४ मध्ये निघाला. अमेरिकेच्या भूविज्ञान संस्थेच्या पुढाकाराने 'अर्थकॅश' हा प्रकार सुरू झाला. यात डबा नसतोच. दिलेल्या जागी जायचे, तेथला खडक, पाणी किंवा माती न्याहाळायची आणि विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे पाठवायची. खजिना म्हणजे ती जागाच.

आपल्याकडे

आपल्या देशातही स्थानाचे ज्ञान दीर्घकाळ कुलपात होते. भारतीय सर्वेक्षण विभागाची स्थापना १७६७ ची, पण सीमा आणि किनारपट्टीलगतचे तपशीलवार नकाशे सामान्य माणसाला, आणि शाळेलाही, सहज मिळत नसत. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने लष्करासाठी वेगळी आणि सर्वांसाठी खुली अशा दोन मालिका केल्या. २०१७ पासून खुल्या मालिकेतील नकाशे संकेतस्थळावरून मोफत मिळू लागले. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी भारतीय नागरिकांना व संस्थांना नकाशे तयार करण्यासाठी पूर्वपरवानगीची गरज उरली नाही. मधल्या काळात, १ जुलै २०१३ रोजी, आपल्या स्वतःच्या स्थाननिश्चिती यंत्रणेचा पहिला उपग्रहही कक्षेत गेला होता.

बेवारस वस्तूंबाबत आपल्याकडे असलेली सावधगिरी योग्यच आहे, म्हणून सार्वजनिक जागी डबे लपवू नयेत. शाळेच्या आवारात मात्र हा खेळ आजच करता येईल. गावतळ्यासाठी बिनडब्याचा प्रकार उत्तम. सहावी-सातवीच्या मुलांना तळ्याभोवतीच्या पाच जागांचे अक्षांश-रेखांश द्यावेत आणि प्रत्येक जागी एकेक प्रश्न. बांधाचा दगड कोणता? पाणी पूर्वी कोठपर्यंत चढत असे, याची खूण काय? सांडवा कोणत्या दिशेला आहे आणि तेथेच का? काठावर सर्वांना जाता येते का, नसेल तर कोणी आणि केव्हापासून अडवले? लोणारसारख्या ठिकाणी सहल नेणाऱ्यांनी काहीही न उचलता, काहीही न ठेवता असेच प्रश्न तयार करावेत.

मोठ्या मुलांसाठी आणखी एक काम. मोबाइल एका जागी ठेवून दर पाच मिनिटांनी, असे तासभर, अक्षांश-रेखांश लिहायचे. जागा हलत नाही, पण आकडे हलतात. ते आलेखकागदावर मांडले की ठिपक्यांचा एक पुंजका दिसेल. त्याची त्रिज्या मोजावी, मग तोच प्रयोग झाडाखाली आणि भिंतीलगत करावा. तिन्ही पुंजके सारखे का येत नाहीत, हे मुलांनाच शोधू द्यावे.